धावणाऱ्यांसाठी स्ट्रेचिंग: कधी, किती आणि कोणत्या दुखण्यात अजिबात नाही

पहाटे साडेपाचला कुठल्याही मैदानावर जा. धावायला आलेल्यांपैकी निम्मे जण गाडी स्टँडला लावली की थेट कठड्याकडे वळतात. एक टाच कठड्यावर, गुडघा ताठ आणि कमरेतून वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावायची धडपड. हात पोचत नाही म्हणून झटके सुरू: एक, दोन, तीन, चार. पंधरा सेकंदांत पाय बदल. झालं स्ट्रेचिंग! अंग अजून झोपेत असतं, डिसेंबरचा गारठा असतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूला (सगळे त्याला हॅमस्ट्रिंगच म्हणतात) दिवसातला सगळ्यात कडक ताण नेमका तेव्हाच बसतो.

धावण्याआधी असं ताणून घेतलं की दुखापत टळते, ही समजूत फार पक्की आहे. ती तपासूनही झाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात नव्याने भरती झालेल्या १५३८ जवानांवर १२ आठवडे चाललेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटाने प्रत्येक सरावाआधी पायांचे सहा स्नायू वीस-वीस सेकंद ताणले, दुसऱ्याने नुसता वॉर्म-अप केला. पहिल्या गटातल्या ७३५ जणांत पायाच्या १५८ दुखापती झाल्या, दुसऱ्यातल्या ८०३ जणांत १७५. प्रमाण काढलं तर दोन्हीकडे शेकडा बावीसच्या आसपास. पुढे २०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी २५ अभ्यास एकत्र मांडून पाहिले. स्नायूंची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्या आत आल्या, तर स्ट्रेचिंगने फरक जवळजवळ पडलाच नाही.

मग स्ट्रेचिंग बंद करायचं का? नाही. पण त्याच्याकडून काय मागायचं हे ठरवायला हवं. धावण्याआधी अंग मोकळं करणं, सांध्याची हालचाल खरोखरच कमी असेल तर ती हळूहळू वाढवणं आणि काही ठरावीक दुखण्यांत आराम मिळवणं, ही तीन कामं ते चोख करतं. आठवड्याला २० किलोमीटरवरून एकदम ४० वर उडी मारली, तर मात्र जगातलं कुठलंही स्ट्रेचिंग तुमच्या नडग्या वाचवणार नाही. आणि काही दुखण्यांत तर ताण देणं हेच दुखणं लांबवतं. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून खाली त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी मोजून बघा

अंग आखडलंय असं वाटणं वेगळं आणि स्नायू खरोखर आखूड असणं वेगळं. थकलेला, ताकद कमी पडणारा स्नायूही कडक वाटतो. घरच्या घरी तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली भिंतीपाशी. अनवाणी उभे राहा, एक पाय पुढे, अंगठा भिंतीकडे. टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाय थोडा मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलायला लागली की थांबा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. १० सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत, भरलं तर ठीक. त्यापेक्षा बरंच कमी असेल, किंवा दोन पायांत दोन सेंटीमीटरचा फरक असेल, तर त्या घोट्यावर काम करायला हवं. मात्र अडतंय कुठे तेही बघा. मागे पोटरीत ओढ लागून अडत असेल तर पोटरी ताणण्याचा उपयोग होईल. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं होत असेल तर अडचण सांध्यात आहे, आणि तिथे पोटरी कितीही ताणली तरी काही साधत नाही. जुनी मुरगळ नीट बरी न झालेल्यांचं बहुतेक वेळा असंच असतं.

दुसरी पलंगावर. उंच पलंगाच्या अगदी काठावर बसा, मागे आडवे व्हा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि दुसरा पाय खाली लोंबू द्या. लोंबणारी मांडी गादीला समांतर राहायला हवी. ती हवेत उचललेली राहत असेल तर खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड आहेत. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांचा हा पाय हमखास उचललेला दिसतो. मांडी टेकते, पण गुडघा वाकायचा तर पाय पुढे ताठ होतो, असं असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूकडे बघा.

तिसरी जमिनीवर. उताणे झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचला. ७० अंशांपर्यंत सहज जात असेल तर हॅमस्ट्रिंग धावण्यापुरतं पुरेसं लांब आहे. वर उचलताना पायात मुंग्या किंवा विजेसारखी चमक येत असेल, आणि पाऊल स्वतःकडे ओढल्यावर ती वाढत असेल, तर तो स्नायूचा ताण नसून नसेचा आहे. अशी नस रोज ताणत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तिन्ही ठिकाणी हालचाल पुरेशी निघाली तर तुम्हाला रोज अर्धा तास ताणत बसायची गरज नाही. तो वेळ ताकदीच्या व्यायामाला द्या. ज्यांची कोपरं उलटी वाकतात, अंगठा सहज मनगटाला लागतो, अशा मुळातच लवचिक अंगाच्या माणसांनी तर आणखी ताणण्यापासून लांबच राहावं. गंमत म्हणजे स्ट्रेचिंगची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच असते, कारण ते त्यांना छान जमतं.

धावण्याआधी: हलवा, धरून ठेवू नका

आठ ते दहा मिनिटं पुरतात. क्रम असा ठेवा.

१. तीन-चार मिनिटं चाला. शेवटचं मिनिट झपाझप. अंगात किंचित ऊब आल्याशिवाय पुढे जाऊ नका. थंडीत स्वेटर किंवा जॅकेट अंगावरच राहू द्या.

२. भिंतीपाशी किंवा झाडापाशी मघाची गुडघा टेकवायची क्रिया, पण चाचणी म्हणून नव्हे तर व्यायाम म्हणून. गुडघा पुढे-मागे, सावकाश, प्रत्येक पायाला दहा वेळा.

३. कठडा धरून पाय झुलवा. पुढे-मागे दहा-बारा वेळा, मग शरीरासमोरून आडवा तितकाच. झुलणं खुब्यातून व्हायला हवं, कमरेतून नाही. सुरुवातीला छोटा झोका घ्या, तो आपसूक मोठा होत जातो. कंबर मागे-पुढे डोलायला लागली म्हणजे झोका तुमच्या खुब्याच्या मर्यादेपलीकडे गेला.

४. चालत लंज: मोठं पाऊल पुढे, मागचा गुडघा जमिनीच्या जवळ, मग उठून पुढचं पाऊल. आठ-दहा पावलं. गुडघा दुखत असेल तर कमी खोल जा.

५. वीस मीटर गुडघे उंच उचलत, वीस मीटर टाचा नितंबांना लावत जॉगिंग.

६. वेगाचा सराव किंवा शर्यत असेल तर साठ-सत्तर मीटरच्या तीन-चार धावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी जलद, मध्ये चालत परत. निवांत धावणार असाल तर याची गरज नाही. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घेतला की तेच काम होतं.

अनेकांच्या घरी सूर्यनमस्काराची सवय असते. तो उत्तम वॉर्म-अप आहे: खुबा, घोटा, खांदा, सगळं हलतं आणि दमही लागतो. चार ते सहा पुरे. दोन बदल तेवढे करा. पुढे वाकताना गुडघे ताठ करायचा हट्ट नको, थोडे वाकू द्या. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या खोल वाकलं तर कमरेवर एरवीपेक्षा जास्त भार येतो. दुसरं, पर्वतासनात दोन्ही टाचा दाबून धरण्याऐवजी आळीपाळीने खालीवर करा. पोटऱ्या छान मोकळ्या होतात.

धावण्याआधी स्थिर ताण द्यायचाच नाही असंही नाही. एखादी पोटरी हट्टीपणे आखडलेली असेल तर पंधरा-वीस सेकंद ताणा आणि लगेच पुन्हा हालचाल सुरू करा. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त धरून ठेवला, तर मात्र त्याचा जोर काही काळ उतरतो. वेगाच्या सरावाआधी ते परवडणारं नाही.

धावल्यानंतर

घड्याळ बंद केलं की लगेच जमिनीवर बसकण मारू नका. पाच मिनिटं चाला, पाणी प्या, श्वास जागेवर येऊ द्या. स्ट्रेचिंग तिथेच केलं पाहिजे असा काही नियम नाही. ऑफिसची घाई असेल तर संध्याकाळी, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर करा. उलट तेव्हा ते जास्त शांतपणे होतं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं यामुळे थांबेल ही आशा मात्र ठेवू नका. अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०११ मध्ये मांडला गेला तेव्हा त्या दुखण्यातला फरक शंभरात जेमतेम एका गुणाचा निघाला. आपण ताणतोय ते हालचालीचा पल्ला राखण्यासाठी.

प्रत्येक स्थिती ३० सेकंद, दोनदा, दोन्ही बाजूंना. पन्नाशी ओलांडलेल्यांनी ४५ ते ६० सेकंदांपर्यंत धरायला हरकत नाही. ताण किती? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं मोजलं तर तीन-चार. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. धरून ठेवल्यावर वीसेक सेकंदांत ओढ सैलावते, तेव्हा केसभर पुढे जा. ती वाढतच गेली तर मागे या. श्वास अडकला किंवा दात आवळले गेले, तर ताण जास्त झाला असं समजा. झटके अजिबात नकोत.

पोटरीचे दोन स्नायू आहेत, म्हणून पोटरी दोनदा ताणायची. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, पाऊल नीट समोर: हा वरचा, फुगीर भाग. मग तोच पाय थोडा जवळ घेऊन गुडघा वाकवा, टाच खालीच ठेवून. ओढ खाली, टाचेच्या दिशेने सरकते. हा आतला स्नायू, सोलियस. धावताना पोटरीतला सगळ्यात मोठा भार तोच उचलतो, आणि ताणायचा राहतो तोही तोच.

खुब्याचा पुढचा भाग ताणताना दहातले आठ जण नुसती कंबर वाकवतात. एक गुडघा जमिनीवर (खाली पंच्याची घडी ठेवा), दुसरा पाय पुढे काटकोनात, इथपर्यंत सगळे बरोबर असतात. मग जोरात पुढे झुकतात, पाठीला बाक येतो, छाती बाहेर, चेहऱ्यावर समाधान. ताण मात्र खुब्याला मिळतच नाही, कमरेचे मणके एकमेकांवर दाबले जातात. याऐवजी पुढे झुकायच्या आधी मागच्या पायाचं नितंब घट्ट आवळा आणि माकडहाड पोटाकडे वळवा, जणू पट्ट्याचं बक्कल हनुवटीकडे चाललंय. पाठ सरळ होईल. एवढ्यानेच जांघेच्या पुढच्या बाजूला ओढ लागली पाहिजे. आता हे सगळं तसंच ठेवून दोन इंच पुढे सरका. दोनच. हवं तर मागच्या पायाच्या बाजूचा हात वर करा. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, आपण काही करतच नाही आहोत. दहा सेकंदांनी कळतं.

मांडीचा पुढचा स्नायू: कुशीवर झोपून वरच्या पायाचं पाऊल मागे हातात धरा. उभ्याने करताना तोल सांभाळण्यात लक्ष जातं आणि गुडघा बाहेर फाकतो. झोपून ते टळतं. पाऊल हाती येत नसेल तर पंचा वापरा.

हॅमस्ट्रिंगसाठीही पंचा किंवा जुनी ओढणीच. उताणे झोपा, ओढणी पावलाखाली घ्या, पाय वर आणा. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. ओढ मांडीच्या मधल्या भागात यायला हवी. ती गुडघ्यामागे किंवा बैठकीच्या हाडाशी येत असेल तर पाय खाली घ्या. कठड्यावरच्या त्या कसरतीपेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण कंबर जमिनीवर टेकलेली असते.

नितंबासाठी उताणे झोपून एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा. झालं.

आठवड्यातून तीन-चार दिवस एवढं केलं की पुरतं. पल्ला वाढवायचा असेल तर सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो.

दुखत असताना

इथे सरसकट सल्ला चालत नाही. जागा बघून ठरवायचं.

*टाचेखाली, तळव्यात.* सकाळी पलंगावरून उतरून टाकलेलं पहिलं पाऊल म्हणजे टाचेत खिळा, आणि दहा पावलांनी जरा बरं, अशी तक्रार असेल तर बहुधा प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्यातल्या चिवट पट्टीचं दुखणं. या दुखण्यात स्ट्रेचिंग खरोखर कामाला येतं, पण वेळ साधली पाहिजे: पाय जमिनीला लागायच्या आधी. पलंगावरच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा. तारेसारखा ताठ लागला म्हणजे बरोबर. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, विशेषतः खूप वेळ बसून उठण्याआधी. घरात फरशीवर अनवाणी फिरणं काही आठवडे बंद, मऊ चप्पल घाला. थोडं बरं वाटू लागलं की ताकदीचा व्यायाम जोडा. पायरीवर पंच्याची सुरळी ठेवून त्यावर बोटं टेकवायची, मग तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली, एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणारे जास्त सुधारले होते.

*टाचेच्या मागे.* अकिलिस टेंडन (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, ही पोटरी टाचेला जोडते) दोन ठिकाणी दुखतं आणि उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून चिमटीत धरून नीट शोधा. हाडापासून दोन-तीन बोटं वर दुखत असेल तर पायरीवर टाचा खाली सोडण्याचा व्यायाम. दोन्ही पायांवर वर जायचं, दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली यायचं, टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला क्रम असा: पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तितकेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाला १८० होतात. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो. एकदम १८० ला भिडू नका, कमीपासून चढत जा.

दुखणं थेट टाचेच्या हाडावर, बुटाची मागची कडा लागते तिथे असेल, तर मात्र टाच पायरीखाली सोडू नका. भिंतीला टेकून पोटरी ताणणंही थांबवा. ताण दिला की टेंडन हाडावर दाबलं जातं, आणि मूळ दुखणं तेच तर आहे. टाचा उचलायचा व्यायाम सपाट जमिनीवरच करा, आणि काही दिवस बुटात टाचेखाली पातळ पॅड घाला. इथे चुकीचा व्यायाम मन लावून करणारे बरेच भेटतात. दुखतंय म्हणून आणखी ताणतात आणि ताणतात म्हणून दुखत राहतं.

एक गोष्ट औषधांबद्दल. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्समुळे टेंडनला इजा व्हायची शक्यता वाढते. असा कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपलेला असताना टाचेमागे दुखायला लागलं, तर धावणं आणि ताणणं दोन्ही थांबवून डॉक्टरांना सांगा.

*बसताना टोचतं, बैठकीच्या हाडापाशी.* गाडी चालवताना किंवा कडक खुर्चीवर बसल्यावर नितंबाच्या खाली खोल दुखतं, वेगाने धावलं की वाढतं. ‘हॅमस्ट्रिंग टाईट आहे, ताण’ असा सल्ला चारही बाजूंनी मिळतो. तो ऐकू नका. हे हॅमस्ट्रिंगच्या वरच्या टोकाचं टेंडन आहे, आणि पुढे वाकलं की तेही हाडावर दाबलं जातं. कठड्यावर पाय, पुढे वाकून अंगठे धरणं, सगळं बंद. पाठीवर झोपून दोन्ही टाचा जमिनीत दाबून कंबर उचला, तशीच तीस-चाळीस सेकंद धरा. इथून सुरुवात करून भार हळूहळू वाढवा.

*गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला.* आयटी बँड, म्हणजे खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरच्या बाजूने येणारी पट्टी. लोक ती ताणायला पाय एकमेकांवर टाकून आडवे झुकतात, किंवा फोम रोलरवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत घासतात. ही पट्टी जुन्या पलंगाच्या नवारीसारखी असते, जाड आणि चिवट. ती हाताने लांब होत नाही. ताणायचं असलं तर तिला वर जोडलेले स्नायू, म्हणजे नितंब आणि खुब्याची बाहेरची बाजू. खरा गुण येतो तो खुब्याची ताकद वाढवण्याने आणि काही आठवडे उतार टाळण्याने.

*नडगीवर.* नडगीच्या आतल्या कडेने हाताच्या पंज्याएवढ्या लांबीत दुखत असेल तर शिन स्प्लिंट्स. सोलियस ताणा, टाचा उचलण्याचा व्यायाम करा, अंतर निम्म्यावर आणा. बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच टिंबावर दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग ताणणं, मालिश, शेक काहीही नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. साध्या एक्स-रेमध्ये ही चीर सुरुवातीला अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे क्लीन आहे’ म्हणून पुन्हा धावायला लागू नका.

*धावताना स्नायूत अचानक कोणी दगड मारल्यासारखं.* पोटरी किंवा हॅमस्ट्रिंग फाटल्याची ही खूण. पहिले काही दिवस अजिबात ताणायचं नाही. सहन होईल तेवढं चालायचं. नुसत्या हालचालीला दुखेनासं झालं की मग हलका ताण. फाटलेला स्नायू लवकर ताणणं म्हणजे टाके उसवणं.

याखेरीज काही खुणा दिसल्या तर थेट डॉक्टर गाठायचे: टाचेमागे फटकन आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता न येणं, पाऊल टाकताना किंवा उडी मारताना जांघेत खोल कळ, रात्रभराच्या बसप्रवासानंतर किंवा विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजणं, गरम लागणं, पायात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटणं. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नका, ताणू नका, त्याच दिवशी दाखवा.

एरवी, धावत राहावं की नाही याचा साधा हिशेब: धावताना दुखणं दहातल्या तीनपर्यंत, धावताना वाढत नाही, चाल बिघडत नाही आणि दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त नाही, तर चालू ठेवा. यातली एक जरी अट मोडली तर अंतर कमी करा.

शर्यतीत वांब आला तर

मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो आणि तिथे रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून बसलेल्यांची रांगच दिसते. वांब आल्यावर लगेच मिळणारा उपाय ताणणं हाच आहे. बाजूला व्हा, पोटरीचा वांब असेल तर टाच खाली दाबून गुडघा सरळ करा, किंवा बसून बोटं स्वतःकडे ओढा. झटका न देता, गोळा विरघळेपर्यंत, साधारण अर्धा-एक मिनिट. मांडीच्या मागे आला असेल तर टाच पुढे टेकवून हलकं वाका. त्यानंतर लगेच पळू नका, शंभर-दोनशे मीटर चाला आणि पुढे वेग कमीच ठेवा. तोच स्नायू लवकरच पुन्हा धरतो. मदतीला धावून आलेला उत्साही माणूस पाय जोरात दाबायला लागला तर त्याला थांबवा. ताण किती द्यायचा हे फक्त तुम्हालाच कळतं.

चढ-उताराच्या शर्यतीनंतर

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत यवतेश्वर घाटाचा चढ लोकांच्या लक्षात राहतो, पण पाय मोडतो तो उतारच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला लांब होत-होत ब्रेक लावत असतो, आणि त्यात त्याचे धागे बारीक-बारीक तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो यामुळे. अशा मांड्या शर्यत संपल्या संपल्या जोरात ताणू नका. आधीच झिजलेल्या स्नायूवर आणखी भार कशाला? शर्यतीच्या दिवशी चालणं, पाणी, जेवण आणि झोप. गाडीने पुण्या-मुंबईला परतत असाल तर दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी वीस-तीस मिनिटं सपाटीवर फिरा किंवा सायकल हलकी मारा. जिना उतरताना ओरडावं लागत नाही इतपत मांड्या निवल्या, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, की मग कुशीवर झोपून मांडीचा ताण, तोही नेहमीच्या निम्म्या जोराने, वीस सेकंद. पोटऱ्या आणि खुबे त्याच्या आधी, दुसऱ्या दिवसापासून चालतील. पुन्हा धावायला सुरुवात कराल तेव्हा पहिला आठवडा घाट नको.